सहलीचा शेवटचा दिवस आणि आटलेला तलाव

मोठ्या शहराच्या सहलीतील शेवटचा दिवस बहुधा वाया जातो. ठरवलेली स्थळे पाहून झालेली असतात, खिशात मोजकेच पैसे उरलेले असतात आणि संध्याकाळची गाडी गाठायची असल्यामुळे मन सामानाच्या बांधाबांधीत गुंतलेले असते. दिल्लीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांचेही असेच होते. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट आणि एका दिवसात उरकलेले आग्रा, एवढे झाले की सहल संपली असे मानले जाते. वास्तविक दिल्लीच्या दक्षिण सीमेला लागून असलेल्या फरीदाबादमध्ये हा दिवस चांगला सत्कारणी लागू शकतो.

समजा, जळगाव जिल्ह्यातील रावेरचे एक शेतकरी कुटुंब दिल्ली पाहून परतीच्या वाटेवर आहे. मुलांची आत्या फरीदाबादला राहते. शेवटचा दिवस तिच्याकडे काढायचा, असे ठरते. दिल्लीची मेट्रो २०१५ साली फरीदाबादला आणि २०१८ साली त्यापुढील बल्लभगढला पोहोचली, त्यामुळे हा प्रवास आता अवघड राहिलेला नाही. बल्लभगढच्या मेट्रो स्थानकाला राजा नाहरसिंह यांचे नाव दिलेले आहे. १८५७ च्या उठावात भाग घेतल्याबद्दल या राजाला इंग्रजांनी ९ जानेवारी १८५८ रोजी चांदणी चौकात फाशी दिले. आदल्या दिवशी त्याच चौकात जिलेबी खाऊन आलेल्या मुलांना ही हकीकत अवश्य सांगावी.

फरीदाबाद हे शहर जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ साली वसवले, असे सांगितले जाते. आजचे औद्योगिक शहर मात्र फाळणीनंतरचे आहे. वायव्य सरहद्द प्रांतातून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांसाठी येथे १९४९ च्या सुमारास नवी वसाहत उभारण्याचे काम सुरू झाले आणि पुढे तिच्याभोवती कारखाने वाढले. पाहुणा येथे येतो तो कारखाने पाहण्यासाठी अर्थातच नव्हे. त्याला ओढ असते ती शहराच्या पश्चिमेस असलेल्या अरवलीच्या टेकड्यांची.

या टेकड्यांतील सूरजकुंड हे नाव आज तेथील हस्तकला मेळ्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. १९८७ साली सुरू झालेला हा मेळा फेब्रुवारी महिन्यात भरतो. एखाद्या राज्याला तेथे मुख्य पाहुण्याचा मान मिळतो. २०१९ साली तो महाराष्ट्राला मिळाला होता. परंतु मेळ्याला येणाऱ्या गर्दीपैकी किती जण प्रत्यक्ष कुंड पाहून जातात, हा प्रश्नच आहे. तोमर घराण्यातील सूरजपाल याने दहाव्या शतकात हे कुंड बांधले, असे परंपरा सांगते. अर्धवर्तुळाकार दगडी पायऱ्या एकीखाली एक उतरत जातात. आपल्याकडील बारव किंवा पुष्करणी पाहिलेल्या माणसाला ही रचना अगदीच अपरिचित वाटणार नाही. भोवतालच्या टेकड्यांवरून वाहून येणारे पावसाचे पाणी अडवून साठवावे, हा त्या बांधकामाचा हेतू होता. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने त्याची डागडुजी करवली. जवळच अनंगपूर येथे तोमर काळातीलच एक दगडी बंधारा आहे. ज्या प्रदेशात वर्षाचा बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबर एवढ्या काळातच पडतो, तेथील लोकांनी पाणी राखण्याचे हे उपाय हजार वर्षांपूर्वीच शोधले होते.

याच परंपरेतील अलीकडचा दुवा म्हणजे बडखलचा तलाव. दोन टेकड्यांमधील जागेत बांध घालून १९४७ साली तो तयार करण्यात आला. पुढे हरियाणाच्या पर्यटन विभागाने तेथे उपाहारगृह आणि नौकाविहाराची सोय केली. (या विभागाला आपल्या विश्रामस्थळांना पक्ष्यांची नावे देण्याची हौस आहे, सूरजकुंडला ‘राजहंस’, तर फरीदाबाद शहरात ‘मॅगपाय’.) दिल्लीकरांच्या कितीतरी पिढ्यांनी सुट्टीची दुपार बडखलला घालवली. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी मात्र तलाव आटला. नावा बंद झाल्या, तळावर गवत उगवले आणि गुरे चरू लागली. जुन्या आठवणी सांगत नातेवाइकांना तेथे घेऊन जाणाऱ्या यजमानांची त्यामुळे फारच पंचाईत होऊ लागली.

तलाव कसा आटतो? पाऊस कमी झाला, हे उत्तर सोपे आहे, परंतु ते अपुरे आहे. तलाव म्हणजे केवळ बांध आणि पाणी नव्हे. ज्या उतारांवरून पाणी त्याच्याकडे येते, ते पाणलोट क्षेत्र हा त्याचाच भाग असतो. अरवलीच्या टेकड्या दिल्ली परिसरातील बांधकामांसाठी अनेक वर्षे खोदल्या गेल्या. त्यातून दगड, खडी आणि वाळू निघाली. खाणी, रस्ते आणि इमारती यांमुळे ओहोळांच्या वाटा तुटल्या. तलावाकडे येणारे पाणी खड्ड्यांत अडले. शिवाय अनेक खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या. अशा खाणीत झरे फुटतात, तेव्हा काम चालू ठेवण्यासाठी ते पाणी उपसून टाकावे लागते. वाढत्या शहराच्या कूपनलिकांनी उपशात भर घातली. जमिनीखालील पाणी खोल गेले, म्हणजे वरच्या तलावात आलेले थोडेबहुत पाणीही टिकत नाही. ते झिरपून जाते.

रावेरच्या शेतकऱ्याला हे फार समजावून सांगावे लागणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी केळीच्या बागांसाठी विहिरी आणि कूपनलिका कशा खोल खोल जात राहिल्या, हे त्याने पाहिलेले असते. शेजाऱ्याची कूपनलिका अधिक खोल गेली की आपली विहीर का आटते, याचा त्याला अनुभव असतो. बडखलला तेच घडले. फरक एवढाच की येथे खोल जाणारा शेजारी म्हणजे एक अख्खे महानगर होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बडखल आणि सूरजकुंड यांच्या दोन किलोमीटर परिसरात खाणकामास मनाई केली. नंतर २००२ आणि २००९ साली अरवलीतील खाणकामाबाबत अधिक व्यापक आदेश दिले. हे आदेश झाले तरी तलाव वाचला नाही. कायदा कुदळ थांबवू शकतो; फोडलेला डोंगर पुन्हा उभा करणे त्याच्या हाती नसते. सोडून दिलेल्या खाणींत मात्र पाणी साठले आणि टेकड्यांमध्ये निळेशार डोह दिसू लागले. ते अतिशय खोल आहेत, त्यांच्या कडा सरळ तुटलेल्या आहेत आणि पोहण्याच्या मोहाने उतरलेली माणसे त्यांत बुडाली आहेत. मुलांनी कितीही हट्ट केला तरी तेथे जाऊ नये.

फरीदाबादच्या स्मार्ट सिटी योजनेत बडखल पुन्हा भरण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यासाठी शहरातील सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते तलावात सोडायचे, अशी आखणी आहे. म्हणजे जो तलाव पूर्वी पावसाचे पाणी फुकट घेत असे, त्याला आता यंत्रे आणि वीज यांच्या साहाय्याने पाणी पुरवावे लागणार आहे.

दुपारी उशिरापर्यंत वेळ असेल, तर याच जिल्ह्यातील मांगर गावाजवळची ‘बणी’ही पाहावी. बणी म्हणजे आपली देवराई. एका साधूवरील श्रद्धेमुळे भोवतालच्या गावांनी तेथील झाडे पिढ्यान्‌पिढ्या तोडली नाहीत. धाऊ नावाचा, आपल्याकडील धावड्याच्या कुळातील वृक्ष तेथे दाट वाढलेला आहे. खोदलेल्या टेकड्या पाहिल्यानंतर ही राखलेली दरी पाहिली, म्हणजे अरवली पूर्वी कशी दिसत असेल याची कल्पना येते. मात्र तेथून स्थानक दूर आहे आणि रस्त्यावर वाहनांची दाटी असते. म्हणून सामान सकाळीच बांधून ठेवावे.