पगार उघड, मेमो बंद

सरकारी कर्मचाऱ्याचा पगार ही खासगी बाब नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक कार्यालयाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन कुणी न मागताच प्रसिद्ध करायचे असते.

वाद त्यापुढे सुरू होतो. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातील एका अधिकाऱ्याचे मेमो, कारणे दाखवा नोटिसा, मालमत्तेचा तपशील आणि प्राप्तिकर विवरणपत्रे एका अर्जदाराने मागितली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘गिरीश देशपांडे’ निकालात ही माहिती वैयक्तिक ठरवली. व्यापक जनहित दिसले तरच ती देता येईल, असे सांगितले. तेव्हापासून अर्ज फेटाळताना हाच निकाल वारंवार पुढे केला जातो.

माहिती झाकण्याच्या बाजूला पुढे आणखी बळ मिळाले: २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले.

मग कायदाही बदलला. पूर्वी माहितीचा अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) खाली वैयक्तिक माहितीपैकी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण घाला घालणारी माहितीच नाकारता येई. संसदेला नाकारता येणार नाही ती माहिती नागरिकालाही नाकारू नये, असा दिलासाही त्यात होता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ने या अटी आणि हा दिलासा काढून टाकला. नोव्हेंबर २०२५ पासून बदल लागू आहे.

घरचा पत्ता, आजारपण झाकलेच पाहिजे. त्यासाठी कलम १० आहे: तेवढा भाग वगळून उरलेला कागद देता येतो. कलम ८(२) देखील शाबूत आहे. उघड करण्यातले जनहित हानीपेक्षा मोठे असेल, तर वैयक्तिक माहितीही देता येते. म्हणून ते जनहित अर्जदाराने अर्जातच पुराव्यानिशी मांडावे.