बाहेरचं ऐकू आलं पाहिजे

आळेफाट्यावर संध्याकाळची गर्दी आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन्ही रस्ते इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे हॉर्नला थांबायला उसंत नाही. चौकाजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात माझी भाची काउंटरवर कोपरं टेकून म्हणते आहे, "आवाज न करणारा एसएमपीएस दाखवा." एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा.

बाहेर कांद्याचा ट्रक एअरब्रेक सोडतो. दुकानदार हसतो. "ताई, इथे लावून दाखवला तरी तुम्हाला काय ऐकू येणार?"

खरं आहे. आळेफाट्यावर शांतता कानाने घेता येत नाही, लेबलावरूनच घ्यावी लागते. भाची तेच करते. दुकानदाराने पहिला काढलेला डबा सातशे रुपयांचा आहे आणि त्यावर बोटभर अक्षरात 450 वॅट लिहिलंय. ती डबा उलटा करून बारीक तक्ता शोधते. 12 व्होल्टसमोर 15 अँपिअर. "म्हणजे 180 वॅट," ती मला म्हणते. "मामा, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही 12 व्होल्टवरच चालतात. बाकीचे वॅट 5 आणि 3.3 व्होल्टच्या तारांवर दाखवलेत. मला त्यांचा काय उपयोग?"

दुसऱ्या खोक्यावर 12 व्होल्टला 36 अँपिअर आहेत, म्हणजे 432 वॅट. 80 प्लस ब्राँझचा शिक्का आहे, पंखा 120 मिलिमीटरचा. किंमत तीन हजारांच्या आत-बाहेर. तिच्या मशीनची भूक सगळं धरून 200 वॅटच्या आसपास, त्यामुळे हा निम्म्यावर चालेल. निम्म्या भारावर ब्राँझला 85 टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. ती चाचणी 115 व्होल्टवरची, आपल्या 230 वर आकडा थोडा चांगलाच येतो. 200 वॅट द्यायला हा साधारण 35 वॅटची उष्णता करेल. सत्तर टक्क्यांवर घुटमळणारा स्वस्त डबा 85 वॅटची करेल, आणि ती बाहेर फेकायला त्याचा 80 मिलिमीटरचा पंखा जीव खाऊन फिरेल. आवाज जन्मतो तो इथे, वाया गेलेल्या विजेतून. मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ढकलतो.

"गोल्ड घ्या की, आणखी शांत," दुकानदार वर बोट दाखवतो. तो दुप्पट किमतीचा आहे. भाची मोबाइलवर हिशेब मांडते: 85 ऐवजी 90 टक्के, रोज सहा तास, महिन्याला वाचणार सव्वादोन युनिट. ती मान हलवते. मलाही पटतं, गोल्डचा सोस पाचशे वॅट ओढणाऱ्यांनी करावा.

एका गोष्टीवर मात्र ती अडून बसते. ब्राँझची आणखी दोन खोकी ती बाजूला सारते, कारण त्यांवर इनपुट 200 ते 240 व्होल्ट छापलंय. तिला 100 ते 240 हवंय. का, ते आळेफाट्यावर बसून कळायचं नाही.

पिंपरी पेंढारला तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या दाजींचं, घर मळ्यात आहे, तीन बाजूंनी ऊस. 2024 मध्ये या गावच्या शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली. तेव्हापासून दाजींची घरात एकच अट आहे: रात्री काय करायचं ते करा, पण बाहेरचं ऐकू आलं पाहिजे. कुत्रं भुंकता भुंकता मध्येच गप्प झालं, तर ते खोलीत कळलं पाहिजे. भाची लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, तेही रात्रीच. हेडफोनला बंदी आहेच. जुन्या एसएमपीएसची घरघर दाजींनी इतके दिवस कशी चालवून घेतली, याचंच नवल.

आता ती घरघर टेबलावर उघडी पडलीय. जुना डबा सुटा करून ठेवलाय. जाळीतून टॉर्च मारला की दिसतं: विजेच्या वाटेवर जिथे गाळणीची कॉइल असायला हवी, तिथे नुसती तार टाकलीय. ती गाळणी नसली की आतल्या जलद स्विचिंगचा रेडिओ-कचरा तारांतून घरभर पसरतो. म्हणून हा डबा चालू असला की आजींचा रेडिओ 792 किलोहर्ट्झवर पुण्याऐवजी खरखर लावायचा. याच तालुक्यातल्या खोडदला आणि त्याच्या आसपास 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आकाशातल्या अतिक्षीण रेडिओलहरी ऐकत उभ्या आहेत, आणि असल्या कचऱ्याची त्यांनाही डोकेदुखी.

"माझ्या रेडिओला कुणी विचारलंय का?" आजी आतून म्हणतात. रेडिओ टेबलाजवळ आणला जातो. भाची नवा एसएमपीएस चार स्क्रूंनी बसवते, चोवीस पिनांचा कनेक्टर दाबते, बटण टाकते. खरखर आहे, पण मागे. निवेदकाचा शब्दन् शब्द कळतो. आजी रेडिओ उचलून निघून जातात. पसंती कळली.

दाजी कॅबिनेटला उलटा हात लावून बघतात. पूर्वी झिणझिण्या यायच्या. तो दोष डब्याचा नव्हता. चांगल्या एसएमपीएसच्या गाळणीतूनही थोडा करंट बॉडीवर उतरतोच, आणि अर्थिंग नसलं तर तो माणसातून वाट काढतो. दाजींनी परवा खड्डा खणून मीठ-कोळसा भरून अर्थिंग केलंय. "काही नाही," ते म्हणतात.

दहा वाजतात. थ्री फेज येते, शिवारातल्या मोटारी एकामागून एक सुरू होतात. ट्यूबलाइट लुकलुकते, व्होल्टमीटरचा काटा 170 कडे झुकतो. भाची श्वास रोखून स्क्रीनकडे बघते, कारण जुना डबा नेमका इथेच मशीन पाडायचा. व्हिडिओचा प्रोग्रेस बार सरकतोय, सरकत राहतो. 200 ते 240 ची खोकी का नाकारली, त्याचं उत्तर काट्यावर आहे.

"चालू आहे का बंद?" दाजी विचारतात.

"चालू आहे, आप्पा."

ते खिडकीपाशी जातात, कान देतात. पाटाच्या पाण्याचा आवाज येतो, लांब कुठेतरी कुत्रं. मग वळून कॅबिनेटकडे बोट करतात. "मग हा बारीक कोण बोलतोय?"

एसएमपीएस गप्प झाल्यावर प्रोसेसरचा पंखा ऐकू यायला लागलाय. आवाजाचं असंच असतं, मोठा गेला की त्याच्या मागचा पुढे येतो.

"त्याचा वेग तेवढा सेटिंगमध्ये कमी करते," भाची म्हणते.

"त्याचे किती?"

"त्याला पैसे नाहीत, आप्पा."

दाजी माझ्याकडे बघतात. "मग हे आधी का नाही केलं?"