ठेका कामाचा, जबाबदारी कारखान्याची

कारखान्याच्या फाटकाआत : लेखांक 5

मागच्या लेखांकात आपण ठेकेदाराची फाईल पाहिली. परवाना, भविष्य निर्वाह निधीचे चलन, ईएसआयची नोंद, विमा हे सगळे जागेवर असले की माणसे कामाला तयार आहेत, असे लातूर-नांदेडच्या बहुतेक कारखान्यांत गृहीत धरले जाते. हे गृहीतक जीवघेणे आहे. जानेवारी 2017 च्या अखेरीस लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका खाद्यतेल कारखान्यात सांडपाण्याची टाकी साफ करताना 9 कामगारांचा गुदमरून मृत्यू झाला. आधी उतरलेले बेशुद्ध पडले आणि त्यांना काढायला गेलेलेही वर आले नाहीत. मजुरी देण्याचे, माणसे पुरवण्याचे काम ठेकेदाराकडे सोपवता येते. पण त्या माणसाला धोक्याची जाण आहे की नाही, हे पाहण्याचे काम सोपवता येत नाही. ते कारखान्याचेच आहे, असे मला या लेखात मांडायचे आहे.

टाकीत नेमके काय घडते, हे आधी समजून घेऊ. साचलेला सेंद्रिय गाळ हवेअभावी सडतो तेव्हा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी राहतो आणि गाळ ढवळला की एकदम सुटतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो. मात्र हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे 100 भाग झाले की काही मिनिटांत नाक बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे वाटते आणि माणूस आणखी खाली उतरतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने 1986 मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात. म्हणजे धाडस आणि माया यांचाच तिथे घात होतो. उपयोगी पडते ती आधी घेतलेली तालीम. आपल्याकडे कायदा याबाबत मुका नव्हता. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 36 ने सांगितले होते, की अशा जागेत उतरण्यापूर्वी जाणकार व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र हवे, नाहीतर श्वसनयंत्र आणि कमरेला दोर हवा, आणि दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे.

मग फट कुठे आहे? परवान्यासाठी कंत्राटी कामगारांची किमान संख्या 1970 च्या कायद्यात 20 होती. महाराष्ट्राने ती 50 केली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितेतही ती 50 च आहे. टाकी साफ करायला आठ-दहा जणांची टोळी आणणारा मुकादम या जाळ्यात येतच नाही. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती पूर्वी 1000 कामगारांच्या कारखान्याला होती. संहितेने सर्वसाधारण कारखान्यासाठी ती 500 वर आणली. आपल्या तेलगिरण्या आणि डाळमिल यांतल्या बहुतेक या आकड्याच्या खूप खाली आहेत. शिवाय सर्वांत धोक्याची कामे उत्पादन थांबल्यावर निघतात. गाळप संपल्यावर साखर कारखान्याचा बॉयलर, मळीच्या टाक्या, आसवनीच्या किण्वन टाक्या उघडतात आणि तेव्हा बाहेरची टोळी आत येते. म्हणजे अनोळखी माणूस, अनोळखी जागा आणि सर्वाधिक धोका हे तिन्ही एकाच आठवड्यात एकत्र येतात.

म्हणून तयारी तपासायची ती टाकीच्या तोंडाशी, कामागणिक. वायुमापकाने वर, मध्ये आणि तळाशी मोजणी झाली का? ब्लोअर चालू आहे का? दोर धरणारा तिथून हलणार नाही ना? आणि शेवटी प्रत्येकाला एक प्रश्न : जोडीदार खाली पडला तर काय करशील? ‘उतरणार नाही, दोर ओढीन, हाक मारीन’ हे उत्तर त्याच्या तोंडून आले पाहिजे. तेही त्याच्या भाषेत. देगलूर-बिलोलीकडचा मजूर तेलुगू बोलतो, उदगीर-निलंग्याच्या सीमेवरचा कानडी, तांड्यावरचा गोरमाटी. मराठी किंवा इंग्रजी फलकाखाली अंगठा घेतला, तर प्रशिक्षण झाल्याची नोंद होते, प्रशिक्षण होत नाही.

यावर कारखानदारांचा एक गंभीर आक्षेप असतो. ठेकेदाराच्या माणसांना आम्ही शिकवले, त्यांच्यावर देखरेख केली, तर उद्या न्यायालय त्यांना आमचेच कामगार ठरवील. ही भीती निराधार नाही, कारण ठेका नावापुरता आहे का, हे तपासताना नियंत्रण कोणाचे हे पाहिले जाते. पण सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाच्या प्रकरणात स्पष्ट केले, की कामाच्या जागी मुख्य मालकाने देखरेख करणे हे दुय्यम नियंत्रण होय. कुणाला कुठे पाठवायचे, हे ठरवण्याचा मूळ अधिकार ठेकेदाराकडे असेल, तर एवढ्यावरून नाते बदलत नाही. उलट कायद्याचा कल पाहा. 1970 च्या कायद्यात सोयी आधी ठेकेदाराने द्यायच्या आणि त्याने टाळल्या तर मुख्य मालकाने. नव्या संहितेत ही जबाबदारी थेट मुख्य मालकावर आहे. ज्या खटल्याच्या भीतीने शिकवणे टाळायचे, त्याहून मोठा खटला मृत्यूनंतर उभा राहतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि बदलत्या माणसांचा. आज शिकवलेला मजूर पुढच्या हंगामात येईलच असे नाही, हे खरे. परंतु मुकादम बहुधा तोच असतो, तेव्हा प्रशिक्षण त्याच्यापासून सुरू करावे आणि मजुराच्या हाती कामानुसार नोंदीचे कार्ड द्यावे, जे लातूरच्या गिरणीतून नांदेडच्या साखर कारखान्यात त्याच्यासोबत जाईल. वायुमापक, ब्लोअर आणि तिपाई यांचा एक संच वसाहतीतील कारखान्यांनी मिळून घेतला, तर लहान गिरणीलाही परवडतो. दोन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत. तालमीची जागा तिथे मिळू शकते.

येत्या बंद हंगामाचा ठेका देतानाच या अटी करारात लिहाव्यात : मोजणीविना उतरायचे नाही, दोरवाल्याविना उतरायचे नाही आणि काम थांबवण्याचा अधिकार टोळीतल्या सर्वांत लहान मजुरालाही राहील. तो अधिकार वापरणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, हेही लिहावे. पोटासाठी उतरणारा माणूस त्याशिवाय ‘नाही’ म्हणू शकणार नाही.

(पुढील लेखांकात : अपघातानंतरची भरपाई आणि ठेकेदार-मालक यांची वाटणी)