नदीकांठचें दर्शन आणि उंच घरें

नदीच्या पाण्यावर हक्क कोणाचा, नदीच्या वाळूवर हक्क कोणाचा, हे प्रश्न आपल्या परिचयाचे आहेत. त्यांवर कज्जे झाले आणि कायदेही झाले. परंतु नदी दिसण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. पुण्याच्या शनिवार पेठेचें उदाहरण घेऊन या प्रश्नाचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

शनिवार पेठ ही पुण्याच्या जुन्या पेठांपैकीं एक. मुर्तजाबाद हें तिचें पूर्वीचें नांव. तिची एक बाजू मुठा नदीच्या उजव्या तीरास लागून आहे. या तीरावर ओंकारेश्वराचें देऊळ १७३६ ते १७३८ च्या सुमारास उभें राहिलें. चिमाजी अप्पांची समाधि त्याच आवारांत आहे. जवळच बाजीरावांच्या भगिनी भिऊबाई जोशी यांनीं बांधविलेलें अमृतेश्वराचें देऊळ आहे. थोड्या अंतरावर शनिवारवाडा. त्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला व २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांत झाली. या वाड्याच्या सातव्या मजल्यावरून आळंदीच्या ज्ञानेश्वरमंदिराचा कळस दिसत असे, अशी आख्यायिका आहे. तिचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला, तरी तिच्यांत एक मर्म आहे. शहरांत एकच उंच वाडा असेल, तर त्यावरून दूरचा कळस दिसूं शकतो. सगळेच वाडे सातमजली झाले, तर कोणासच कांहीं दिसत नाहीं. १८२८ च्या आगींत शनिवारवाड्याचे मजले जळाले. हा धडा मात्र शिल्लक राहिला आहे.

पेठेंतील सामान्य वाडे दोन, फार तर तीन मजल्यांचे असत. विटामातीच्या भिंती, सागवानी खांब आणि वर कौलें. त्यांची उंची कांठावरील वडपिंपळांहून कमी असे. म्हणून पैलतीरावरून पाहणारास प्रथम पाणी, मग घाट, मग झाडी आणि झाडींतून वर डोकावणारें शिखर, असा क्रम दिसे. हा क्रम कोणी ठरवून रचला नव्हता. बांधकामाच्या साधनांनीं घातलेली ती मर्यादा होती. लोखंड, सिमेंट आणि विजेचा पाळणा आल्यावर ती मर्यादा नाहींशी झाली. आणि तिच्या जागीं दुसरी कोणती मर्यादा घालावी, याचा विचार आपण पुरतेपणीं केला नाहीं.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचें धरणही गेलें, आणि मुठेचा लोंढा नदीकांठच्या पेठांत शिरला. मातीच्या भिंतींचे असंख्य वाडे कोसळले. पुढील दशकांत त्यांपैकीं अनेकांच्या जागीं सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. पुराच्या भयाचा विचार करून आज नदीकांठीं दोन रेषा आंखण्यांत येतात. सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणारें पाणी जेथपर्यंत चढेल ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदां येणारें पाणी जेथपर्यंत चढेल ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आंत बांधकामास मनाई, व दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यांत निर्बंध, असा सामान्य नियम आहे. हा नियम आवश्यकच आहे. परंतु तो पाण्यापासून घराचें रक्षण करतो. घरापासून नदीचें रक्षण करणें हें त्याचें काम नव्हे. लाल रेषेच्या पलीकडे एक हात अंतरावर अजस्र इमारत उभी राहिली, तरी त्या रेषेचा भंग होत नाहीं.

मग दर्शनाचें रक्षण करावयाचें कसें? हें केवळ आवडीनिवडीचें काम आहे, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः यांत साधी भूमिति आहे. समजा, आपण पैलतीरावर उभे आहों. समोर तीनशें फुटांवर चाळीस फूट उंचीची झाडांची रांग आहे. आपल्या डोळ्यापासून त्या झाडांच्या शेंड्यांवरून एक रेषा पुढें नेली, तर ती सहाशें फुटांवर सुमारें ऐंशी फूट उंच जाते. याचा अर्थ असा कीं, कांठापासून तितक्या मागें असलेली ऐंशी फुटी इमारत आपल्यास झाडांवरून दिसणार नाहीं; मात्र तीच इमारत झाडांच्या ओळींत आणून उभी केली, तर ती झाडांच्या दुप्पट उंच दिसेल. म्हणजे उंचीस सरसकट बंदी घालण्याचें कारण नाहीं. कांठाशीं ठेंगणें व मागें क्रमाक्रमानें उंच, अशी पायऱ्यापायऱ्यांची मर्यादा पुरेशी आहे. तिच्या जोडीला इमारतीचा पसरटपणा, चकाकणारी कांच आणि भडक रंग यांवरही कांहीं बंधन असावें. कारण सलग भिंतीसारखी पसरलेली इमारत कमी उंचीची असली, तरी नदी झांकून टाकते.

हा प्रयोग इतरत्र झालेला आहे. लंडनजवळ रिचमंडच्या टेकडीवरून थेम्स नदीचें जें वळण दिसतें, त्याच्या रक्षणार्थ इंग्लंडच्या पार्लमेंटनें १९०२ सालीं स्वतंत्र कायदा केला. त्या दृश्यांतील मार्बल हिल या बागेंत घरबांधणीसाठीं रस्ते व गटारें घालण्यास आरंभ झाला होता. ती जागा सार्वजनिक पैशानें विकत घेण्यांत आली. सेंट पॉलच्या देवळाचा घुमट थेम्सवरून दिसत राहावा, म्हणून १९३० नंतरच्या दशकांत भोंवतालच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा घातली गेली. अमेरिकेनें १९६८ सालीं निसर्गरम्य नद्यांचा कायदा केला. त्यांत एक युक्ति आहे. सरकार कांठची जमीन विकत न घेतां मालकाकडून केवळ उंच बांधण्याचा व झाडें तोडण्याचा हक्क विकत घेऊं शकतें. जमीन मालकाचीच राहते. उलट जर्मनींतील ड्रेस्डेन शहराची गोष्ट पाहा. तेथील एल्बे नदीचें खोरें २००४ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें. त्या दृश्याच्या मध्यभागीं नवा पूल बांधावयास घेतल्यामुळें २००९ सालीं तें यादींतून वगळण्यांत आलें.

आपल्या शनिवार पेठेंत उंचीविषयींचा अनुभव मुळींच नाहीं असें नाहीं. पण तो कडवट आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यांत २०१० सालीं दुरुस्ती झाली. तीप्रमाणें शनिवारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई, व त्यापुढील दोनशें मीटरांत परवानगीवांचून बांधकाम नाहीं. दुरुस्तीस मुभा आहे, पण तिलाही परवानगी लागते. या वर्तुळांत अनेक जुने वाडे आहेत. भाडें नाममात्र, मालक अनेक, छत गळतें, तुळया वाळवीनें पोखरलेल्या. पावसाळा आला, कीं अशा घरांतील माणसें जीव मुठींत धरून राहतात. त्यांच्यापुढें सौंदर्याची गोष्ट काढणें हें सुखवस्तूंचें तत्त्वज्ञान ठरेल, असा आक्षेप कोणी घेतला, तर तो खोटा म्हणतां येणार नाहीं.

परंतु या आक्षेपांतूनच पुढचा मार्ग दिसतो. वर्तुळ सर्व दिशांना सारखेंच बंधन घालतें. एखादें घर दिसण्याच्या आड येतें कीं नाहीं, हें तें विचारीत नाहीं. दर्शनरेषा तें विचारते. म्हणून नदीकांठासाठीं वर्तुळ न आंखतां रेषा आंखाव्या. लकडी पूल, बालगंधर्व रंगमंदिराजवळचा पूल आणि शिवाजी पूल, या तीन ठिकाणीं उभें राहून काय दिसावें, हें आधीं ठरवावें. त्या रेषांच्या आड जीं घरें येतात, तेवढ्यांच्याच उंचीवर मर्यादा असावी. आणि ज्याची उंची कमी केली, त्यास मोबदला मिळावा. ही कल्पना आपल्याकडे परकी नाहीं. वारसावास्तु जतन करणाऱ्या मालकास न वापरलेला बांधकामाचा हक्क अन्यत्र नेतां यावा, अशी सोय महाराष्ट्रांतील नियमांत आहे. मुंबईंत वारसावास्तूंची नियमावली १९९५ सालींच झाली. त्या हक्कांतून आलेला पैसा प्रथम जुन्या वाड्याच्या दुरुस्तीस लावावा, अशी अट घातली, म्हणजे शिखरही राहील आणि छतही राहील.

हा नियम खासगी घरांपुरताच ठेवला, तर तो अन्यायाचा होईल. मेट्रोचा सुमारें पावणेदोन किलोमीटरचा मार्ग मुठेच्या पात्रांतून, खांबांवरून नेण्यांत आला. त्याविरुद्ध २०१६ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें वाद गेला; पुढें काम पुरें होऊन १ ऑगस्ट २०२३ रोजीं तो मार्ग खुला झाला. प्रवाशांची सोय झाली, हें खरें. पण पेठेच्या कांठावरून पैलतीराकडे पाहतां आतां प्रथम खांबांची रांग दिसते, हेंही खरें. ज्या सार्वजनिक संस्थांनीं नागरिकास मर्यादा सांगावयाची, त्यांनीं आपली मर्यादा आधीं पाळली पाहिजे.

कोणी म्हणेल, नदींत सांडपाणी वाहतें, उन्हाळ्यांत धार उरत नाहीं. तिचें दर्शन राखून काय करावयाचें? याचें उत्तर काळाच्या हिशेबांत आहे. पैसा व निश्चय असेल, तर मलीन पाणी कांहीं वर्षांत शुद्ध करतां येतें. एकदां बांधलेली दहामजली इमारत मात्र साठ-सत्तर वर्षें जागची हालत नाहीं. म्हणजे आपण नदी स्वच्छ करूं, त्या दिवशीं ती पाहण्याची जागाच उरलेली नसेल. पाणी शुद्ध करण्याचें काम सावकाश झालें, तर नुकसान भरून निघेल. उंचीची रेषा आंखण्याचें काम लांबलें, तर तें भरून निघणार नाहीं.

कांठावर राहणारास सुरक्षित घर हवें आणि कांठावरून जाणारास नदी दिसावी, या दोन मागण्या परस्परविरोधी नाहींत. दोन्ही एकाच नकाशावर मांडल्या, तर त्यांचा मेळ बसतो. तो नकाशा करून घेण्याचा आग्रह शनिवार पेठेच्या रहिवाशांनींच धरावा. कारण नदीही त्यांची आहे आणि घरेंही त्यांचींच आहेत.