पिन हलली की बंद

"सर, पिन अशी वर दाबून धरली की चालतो, सोडली की बंद."

दहावीतल्या एका विद्यार्थिनीने लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवताना एवढेच सांगितले. २०१० च्या सुमाराचा हा लॅपटॉप मावसभावाकडून तिच्याकडे आलेला. बॅटरी केव्हाच निकामी झालेली, त्यामुळे अडॅप्टरची पिन जरा हलली की यंत्र जागच्या जागी बंद पडायचे. पिनेखाली कंपासपेटी सरकवून तिने काही महिने काढले होते. प्रकल्पाचा अहवाल दोनदा लिहिला आणि दोनदा गेला. शेवटी वडिलांनी तो एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथे मीटर लावून पाहिले, बोर्डापर्यंत बरोबर १९ व्होल्ट येत होते. म्हणजे अडॅप्टर चांगला, खोबणी चांगली, मग मदरबोर्डच गेला असणार, दुसरा लॅपटॉप घ्या, असा निकाल मिळाला. घरात दुसरा लॅपटॉप घेण्याजोगी स्थिती नव्हती.

हा निकाल मला पटेना. मदरबोर्डातला एखादा भाग जळाला असेल तर त्याला पिनेच्या कोनाशी काय देणे-घेणे? कोन बदलल्यावर जो दोष येतो-जातो, तो कुठेतरी हलणाऱ्या जोडणीतच असला पाहिजे. पण मग मीटरवर १९ व्होल्ट कसे दिसले? हा प्रश्न मी नववी-दहावीच्या मुलांपुढे ठेवला. ओहमचा नियम त्यांना पाठ होता, तरी बराच वेळ कोणालाच उत्तर सुचले नाही. तुम्हीही आपल्या वर्गात विचारून पाहा.

उत्तर मीटरच्या अंतर्गत रोधात आहे. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा व्होल्ट मोजतानाचा रोध बहुधा १ कोटी ओहमच्या आसपास असतो. १९ व्होल्टला त्यातून वाहणारी धारा भरते जेमतेम १.९ मायक्रोअँपिअर. आता समजा, खराब झालेल्या जोडणीचा रोध १ ओहम आहे. एवढ्याशा धारेमुळे त्या १ ओहमवर विभवांतर पडेल सुमारे २ मायक्रोव्होल्ट. मीटरला ते दिसणारच नाही, तो १९ व्होल्टच दाखवणार. जोडणी चांगली असो की तुटता तुटता एखाद्या टोकाने टेकलेली असो, लॅपटॉप बंद असताना मीटरवरचा आकडा तोच.

लॅपटॉप सुरू झाला की चित्र पालटते. तो साधारण २ अँपिअर धारा ओढू लागला की त्याच १ ओहमवर २ व्होल्ट पडतात आणि बोर्डाच्या वाट्याला १७ च येतात. इथवर लॅपटॉप कसाबसा सांभाळून घेतो. पण जोडणी जरा हलून रोध ५-६ ओहम झाला की सगळेच कोसळते. नळाला पाणी आहे का, हे तोटीखाली बोट ओले करून पाहण्यासारखे दुकानदाराचे मोजमाप होते. बोट ओले झाले, पण बादली भरेल की नाही हे त्यावरून कळत नाही. त्याने खोटे सांगितले असे मला वाटत नाही. भार न लावता मोजले, एवढेच.

उष्णतेचा हिशोबही लगेच करून टाकू. धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे २ अँपिअर आणि १ ओहमला ४ वॅट. आकडा लहान वाटतो. पण आपली साधी सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते. तिच्या सहाव्या हिश्श्याइतकी उष्णता ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकने वेढलेल्या कोपऱ्यात, तासन्‌तास निर्माण होते आहे. बॅटरी चांगली असून तीही चार्ज होत असेल तर धारा ३ अँपिअरवर जाते आणि उष्णता ९ वॅटवर. धारा दीडपट, उष्णता सव्वादोनपट. अशा वेळी खोबणीतल्या स्प्रिंगचा ताठपणा उष्णतेने कमी होतो, ती सैल धरते, रोध वाढतो आणि उष्णता आणखी वाढते. पिनेजवळ प्लॅस्टिक पिवळट किंवा काळपट झालेले दिसले, करपल्याचा वास आला, तर कंपासपेटीचा टेकू लावून चालवत राहू नये.

आणखी एक गोष्ट. तांब्याचे टोक तांब्यापासून दूर होताना त्यांच्यात ज्योत टिकून राहायला साधारण १३ व्होल्ट आणि अर्ध्या अँपिअरच्या आसपास धारा लागते. मोबाइलच्या साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला हे जमत नाही. लॅपटॉपचे १९ व्होल्ट आणि २ अँपिअर या दोन्ही उंबरठ्यांच्या पलीकडचे आहेत. म्हणून इथे पिन हलवताना चर्र असा बारीक आवाज येतो, आणि प्रत्येक वेळी धातूचा थोडा भाग जळून खरवडतो.

दोष कुठे असू शकतो? वायर अडॅप्टरच्या डबीतून किंवा पिनेतून बाहेर येते त्या वाकणाऱ्या जागी आतल्या तांब्याच्या तारा एक एक करून तुटतात. किंवा पिनेच्या आतील पकड रुंदावते. किंवा लॅपटॉपमधली खोबणी, म्हणजे बाजारातल्या भाषेत डीसी जॅक, बोर्डावर जिथे सोल्डरने बसवलेली असते तो टाका तडकतो. काही लॅपटॉपांत याहून वेगळीच तऱ्हा असते. डेलच्या अनेक लॅपटॉपांत पिनेच्या मध्यभागी एक बारीक सुई असते. तिच्यातून वीजपुरवठा होत नाही. अडॅप्टरमधल्या छोट्या स्मृती-चिपशी बोलून लॅपटॉप त्याची ओळख पटवून घेतो. ही सुई वाकली तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही, आणि लोक विनाकारण नवी बॅटरी आणतात.

अडॅप्टरची तपासणी आधी करावी, कारण त्यासाठी लॅपटॉप उघडावा लागत नाही. मोटारीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट, २१ वॅटचे दोन दिवे एकसर जोडणीत जोडा आणि त्यांची टोके पिनेच्या आतल्या व बाहेरच्या भागाला पक्की लावा. साधारण दीड अँपिअर धारा वाहील. (थंड तारेचा रोध फार कमी असल्याने अडॅप्टर पहिल्या क्षणी अडखळू शकतो. असे का, हा मुलांसाठी दुसरा प्रश्न.) दिवे जळत असताना मीटर लावून वायर जागोजागी वाकवा. आमच्या अडॅप्टरवर १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर असे छापलेले होते. भाराखाली तो १८.९ वर स्थिर राहिला, वायर कशीही वाकवली तरी दिवे लुकलुकले नाहीत. अडॅप्टर निर्दोष.

इथे एक सूचना निक्षून देतो. अडॅप्टरची डबी फोडून आत पाहू नये, मुलांना तर मुळीच पाहू देऊ नये. घरातली २३० व्होल्टची वीज आत एकदिश होऊन सुमारे ३२५ व्होल्टला धारित्रात साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथे राहू शकते. अडॅप्टर बिघडला तर बदलावा. बदलतानाही केवळ व्होल्ट पाहून भागत नाही. पिनेचा बाहेरचा व्यास अनेकदा ५.५ मिलिमीटरच असतो, आतले भोक मात्र २.५ किंवा २.१ किंवा १.७ मिलिमीटरचे असते. २.५ ची पिन २.१ च्या खोबणीत आरामात बसते, आणि सैलही राहते. म्हणजे जो रोग घालवायचा तोच आपण विकत आणतो. अडॅप्टरवरच्या चित्रात मधला भाग धन की ऋण तेही पाहून घ्यावे.

आता लॅपटॉप. अडॅप्टर काढला, बॅटरी काढली, मग सुरू करण्याचे बटण पंधरा सेकंद दाबून धरले, म्हणजे आतली उरलीसुरली वीज निघून जाते. बॅटरी आत बसवलेली असेल तर झाकण उघडल्यावर सर्वांत आधी तिची जोडणी सोडवायची. ती फुगलेली दिसली तर दाबायची, टोचायची नाही. स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने चिकटवला. ही फुरसतीची हौस नव्हे. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो थेट कीबोर्डात किंवा बोर्डात शिरतो.

काही लॅपटॉपांत जॅक छोट्या वायरीच्या टोकाला असतो आणि वायर बोर्डावर खोचलेली. तसे निघाले तर नशीब. जुना उपटून नवा खोचला की झाले. आमचा जॅक बोर्डावरच सोल्डर केलेला होता. बोर्ड उलटा करून भिंगातून पाहिले, तेव्हा मधल्या धन पायाभोवती सोल्डरमध्ये केसासारखे बारीक काळे वर्तुळ दिसले. मीटर ओहमवर ठेवून एक टोक जॅकच्या मधल्या सुईला आणि दुसरे त्या पायाच्या बोर्डावरील पट्टीला लावले. आकडा ०.४ ओहम. त्यातले ०.३ तर मीटरच्या वायरींचेच, ते टोके एकमेकांना टेकवून आधीच मोजले होते. मग जॅक बोटाने जरा वर ढकलला. आकडा ३ वर गेला, ७ वर गेला आणि नाहीसा झाला. इतका वेळ मागे उभ्या असलेल्या त्या मुलीने तेव्हा कुठे मोठा श्वास घेतला.

हा टाका तडकतो का, याचे उत्तर तरफेत आहे. पिन आणि तिची मूठ मिळून सुमारे ४० मिलिमीटर बाहेर असते, जॅकच्या पायांमधले अंतर ६ मिलिमीटरच्या आसपास. बाहेरच्या टोकाला २०० ग्रॅम वजनाइतका धक्का बसला तर पायाशी सव्वा किलोहून अधिक ताण येतो. सोल्डर हा मऊ धातू. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस दिवसातून कितीदा हा धक्का देत असेल!

सोल्डर करणे म्हणजे आपले तांबट ज्याला डाख देणे म्हणतात तेच. पण इथे दोन अडचणी येतात. पूर्वीचे सोल्डर कथील ६३ टक्के आणि शिसे ३७ टक्के असे असे, ते १८३ अंश सेल्सिअसला वितळते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतील शिशावर बंधन घातले, तेव्हापासून जगभरच्या बहुतेक लॅपटॉपांत कथील, थोडी चांदी आणि तांबे यांचे सोल्डर आले. त्याला २१७ अंश लागतात. दुसरी अडचण याहून मोठी. जॅकचे ऋण पाय बोर्डातील तांब्याच्या विस्तीर्ण पत्र्याला जोडलेले असतात. आपण पाय तापवतो आणि तांबे ती उष्णता भराभर चहूकडे पसरवते. २५ वॅटची इस्त्री तिथे कितीही वेळ धरली तरी सोल्डर वितळत नाही. माणूस मग वैतागून जॅक ओढतो, आणि भोकाच्या आतले तांब्याचे अस्तर उपटून येते. चांगला बोर्ड खरोखर जातो तो या क्षणी.

उपाय असा: ६० वॅटची, रुंद टोकाची इस्त्री घ्यायची. जुन्या टाक्यावर थोडी राळ आणि शिसेयुक्त नवे सोल्डर वितळवायचे. दोन्ही मिसळले की मिश्रण कमी तापमानाला वितळते. मग तांब्याच्या तारांच्या वेणीने किंवा सोल्डर शोषणाऱ्या पिचकारीने सगळे टिपून घ्यायचे. जॅक स्वतःहून सैल झाल्यावरच उचलायचा. जुनाच टाका नुसता तापवून सोडून दिला तर? चालेल, काही आठवडे. तडीच्या आत ऑक्साइडचा थर असतो, त्यावर सोल्डर धरत नाही. मुलांना हे मी करून दाखवले, करू दिले नाही. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, खिडकी उघडी ठेवावी. या तापमानाला डोळ्यांना झोंबतो तो धूर प्रामुख्याने राळेचा असतो.

नवा जॅक दीडशे रुपयांना मिळाला. मोजमाप जुळावे म्हणून जुना सोबत नेला होता. बसवल्यावर अडॅप्टर लावण्यापूर्वी धन आणि ऋण यांच्यातला रोध मोजला. तो शून्याजवळ अडकून राहिला तर कुठेतरी सोल्डरचा थेंब सांडला आहे असे समजावे. आमचा आकडा लहानापासून हळूहळू चढत गेला. मीटरच्या बारीक धारेने बोर्डावरची धारित्रे भरत होती. मग अडॅप्टर लावून लॅपटॉप सुरू केला आणि अर्धा तास चालू ठेवला. जॅकपाशी बोट लावले तर कोमटही लागेना.

आता ती वायरीचा एक सैल वेढा टेबलाच्या पायाला बांधते, म्हणजे ओढ बसली तरी ती पायाला बसते. तडकलेला जॅक आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या डबीत ठेवला आहे. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून सुईचे खरवडलेले टोक चांगले दिसते.