आठवीतली परीक्षा, बारावीपर्यंतचा आधार

आठवीनंतर पैशांअभावी मुलांची शाळा सुटू नये म्हणून केंद्र सरकारने २००८ मध्ये राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती सुरू केली. शाळांमध्ये ती ‘एनएमएमएस’ म्हणूनच ओळखतात. परीक्षा आठवीत, राज्य परीक्षा परिषदेमार्फत. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न.

जिल्हा परिषद, नगरपालिका, शासकीय व अनुदानित शाळांतल्या मुलांनाच बसता येते. विनाअनुदानित, केंद्रीय आणि नवोदय विद्यालये बाद. सातवीत ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सवलत) आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत.

निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. महिन्याला हजारच, पण एसटीचा पास, वह्या आणि सायकलचं पंक्चर त्यातून निघतं.

खरी गळती निकालानंतर होते. अर्जाचं राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. अकरावीत गेल्यावर कॉलेज बदलतं आणि नूतनीकरण कुणाच्याच लक्षात राहत नाही. दहावीला ६० टक्के मिळाले नाहीत तरी पुढची दोन वर्षं हातची जातात. आधारवर ‘गणेश बाळू’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘गणेश बाळासाहेब’ असेल तरी गाडी अडते. म्हणून सातवीच्या सुट्टीतच दोन्ही कागद शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख ताडून घ्यावी.