कापून नव्हे, जोडून: ग्राफीनच्या नॅनोफिती

ग्राफीनमधून, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थरातून, वीज सुसाट धावते, पण तिला पुरते थांबवता येत नाही. ट्रान्झिस्टरला तर चालू आणि बंद, दोन्ही हवे. ग्राफीनची फीत काही नॅनोमीटरइतकी अरुंद केली की ही अडचण बरीच सुटते. मात्र मोठ्या थरातून फीत कापली तर कडा ओबडधोबड निघतात, आणि या मापावर चार-दोन अणूंचा फरकही गुणधर्म बदलतो.

म्हणून रसायनतज्ज्ञ रेणू जोडत जातात. जर्मनीतील माइन्झच्या माक्स प्लांक पॉलिमर संशोधन संस्थेत क्लाउस म्यूलेन यांच्या गटाने हे द्रावणातच साधले. आधी बेंझिन वलयांनी लगडलेली लांब साखळी तयार करायची. तिच्यातली वलये एकमेकांना तिरकी असतात. मग फेरिक क्लोराइडसारखा ऑक्सिडीकारक घातला की शेजारच्या वलयांवरचे हायड्रोजन निघून जातात, पिशवीची चेन ओढावी तसे कार्बन-कार्बन बंध जुळतात आणि साखळी सपाट होते. २००८मध्ये अशा फिती जेमतेम १२ नॅनोमीटरपर्यंत लांब होत्या. २०१४मध्ये डील्स-आल्डर अभिक्रियेने साखळी बांधली, तेव्हा लांबी २०० नॅनोमीटरपलीकडे गेली. रुंदी सुमारे १ नॅनोमीटर.

खरी डोकेदुखी वेगळीच. सपाट फिती एकमेकींना चिकटतात आणि तळाशी बसतात. त्या द्रावणात राहाव्यात म्हणून कडांना लांब अल्किल शेपट्या लावतात. तरीही एकेक फीत सुटी मिळवणे सोपे नाहीच.